चार दिवस कमी पडलेला हिवाळा

सोलापूर शहर व परिसरातील सर्व नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, काही वर्षांपूर्वी आपल्या शहरात हिवाळा सलग ऐंशी दिवस मुक्कामाला होता. त्यातले शेवटचे सहा-सात आठवडे तो आमच्या घरी राहिला. पत्ता: जुळे सोलापूर, दुसरा मजला, फ्रिजचा खालचा कप्पा, कोथिंबिरीच्या डाव्या हाताला. वास्तविक तो चौऱ्याऐंशी दिवस राहणार होता. चार दिवस का कमी पडले, याची चौकशी पूर्ण झाली असून जबाबदार व्यक्ती माझ्या सासूबाई आहेत.

परगावच्या माणसाला यातलं नवल कळायचं नाही. आमच्याकडे स्वेटर कपाटातून बाहेर काढतात ते डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून. घालायला नव्हे. अशा गावात ज्यांनी हिवाळा आणून दाखवला, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मल्लिनाथ बिराजदार. सगळी सोसायटी त्यांना अण्णा म्हणायची. आता ते इथे नाहीत. गेले. म्हणजे लेकीची बदली खाली सपाटीवर झाली, तिच्याकडे राहायला गेले, घाबरू नका. पण त्यांच्या दाराला कुलूप दिसलं की मला अजूनही फ्रिजचं दार हळूच लावावंसं वाटतं.

अण्णा उंच, काटकुळे. शर्टाच्या वरच्या गुंडीला दोरा, दोऱ्याला भिंग, भिंग खिशात. चेहरा म्हणाल तर तो रोज दिसायचा, पण त्यावर कधी काही घडायचं नाही. सोसायटीत पाण्याचा टँकर आला तरी तोच चेहरा, टँकर परत गेला तरी तोच. मूळचे दुधनीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि वहीत दोन्हींपेक्षा वेगळीच एक भाषा, जी फक्त प्रयोगशाळेत बोलतात.

कारण चौतीस वर्षं ते एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परिचर म्हणजे काचेच्या बशा धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, मुलांना पानं-फुलं वाटायची, आणि प्राध्यापक चुकले की खोकायचं. अण्णांचा खोकला त्या कॉलेजात फार मान राखून होता असं म्हणतात. शिकवायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. माझ्या सासूबाईंच्या मते कॉलेजात जाणारा प्रत्येक माणूस मास्तर असतो. त्या हाक मारायच्या, "काय मास्तर, च्या घेणार का?" अण्णा उंबऱ्यातच थांबून म्हणायचे, "मास्तर नव्हे अक्का, परिचर. चहा घेईन." गेली कित्येक वर्षं ही दुरुस्ती चालू होती आणि दोघांपैकी एकही थकत नव्हतं.

त्यांची एक गोष्ट मला त्यांच्याच कॉलेजातल्या एका बाईंनी सांगितली. एका प्राध्यापकांनी कसल्याशा रानफुलाचं बी वर्गात दाखवलं. दोन महिने ठेवूनही ते उगवलं नव्हतं. "हे बी मेलेलं आहे," असं म्हणून त्यांनी ते केराच्या टोपलीत टाकलं. तास संपल्यावर अण्णांनी ते उचललं, ओल्या टिपकागदावर ठेवलं आणि कुणाला काही न बोलता महिनाभर पाणी घातलं. एके सकाळी प्राध्यापकांच्या टेबलावर एक बशी होती. बशीत दोन पानांचं इवलं रोप. खाली नेटकी चिठ्ठी: "मयत. सध्या प्रकृती बरी आहे."

चिठ्ठ्यांची ही सवय निवृत्तीनंतर घरी आली. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असायची. मिठाच्या डब्यावर "मीठ". साखरेच्या डब्यावर "मीठ नव्हे". गावाकडून शेंगांची चटणी आली की एक पुडी आमच्याकडे यायची, आणि पुडीवर लिहिलेलं असायचं: "शेंगाचटणी. संकलन दुधनी. तिखटपणा निरीक्षणाखाली." एकदा सासूबाईंनी विचारलं, "निरीक्षणाखाली म्हंजी काय वो?" अण्णा म्हणाले, "मी अजून खाल्लेली नाही. तुम्ही खा, मी बघतो."

बायको लवकर वारली. एकच मुलगी, गौरी. ती त्यांना अप्पा म्हणायची. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं, इंजिनिअर केलं, आणि ती जाऊन बसली पार वर, हिमालयात, रस्ते बांधायला. वर्षातून एकदा यायची. तेव्हा अण्णा गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. एकदा त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना आमच्या गाडीतून नेलं होतं, त्यामुळे तो सोहळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. गाडी थांबली. गौरी उतरली. वर्षभराने भेटणारे बाप-लेक. मी रुमाल काढून तयार. अण्णा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बंद्या, यव्वा?" कानडीत म्हणजे, आलीस का गं बाई. ती म्हणाली, "हं." त्यांनी तिची बॅग घेतली आणि चालायला लागले. संपला सोहळा. मी रुमालाने गाडीची काच पुसली.

दर वर्षी तेवढंच. "बंद्या, यव्वा?" आणि "हं." गौरी मला म्हणाली होती, "काकू, तेवढं ऐकायला मी तीन दिवस प्रवास करते."

आता बियाण्याकडे येते. गौरी ज्या ठिकाणी काम करायची तिथे एका उतारावर, बर्फ वितळलं की, एक निळं फूल फुलायचं. नाव तिला माहीत नव्हतं, तिथल्या माणसांनाही नव्हतं. फोनवर ती त्याच्याबद्दल इतकं बोलायची की शेवटी अण्णांनी तिकडे जायचं ठरवलं. आयुष्यात काश्मीर-सिमला काही पाहिलं नव्हतं, बिचाऱ्यांनी फुलासाठी स्वेटर विकत घेतला. पण त्याच उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, आता उंचावर जायचं नाही.

"किती उंचीपर्यंत चालेल?" अण्णांनी विचारलं.

"सोलापूरपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

अण्णांनी ते वहीत लिहून घेतलं.

गौरीने फोटो पाठवले, पण ते निळं फोनमध्ये येत नाही म्हणाली. अण्णांनी ते पाहिले आणि बाजूला ठेवले. मला म्हणाले, "वैनी, फोटोला देठ नसतो." मग गौरीने पुढच्या वर्षी त्या उतारावरचं बी गोळा करून एका पाकिटात पाठवलं. मेथीच्या दाण्याएवढं, पिवळट तपकिरी बी. पाकिटावर अण्णांनी चिठ्ठी लावली: "अनामिक. निळे." मला ते सगळं जरा काव्यमय वाटलं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "नाव माहीत नाही आणि रंग निळा आहे."

पहिल्या वर्षी त्यांनी थोडं बी सरळ कुंडीत पेरलं. काही उगवलं नाही. मग विचार केला की हे बी सहा महिने बर्फाखाली राहणारं, त्याला आपल्याकडची थंडी पुरणार कशी. म्हणून आणखी थोडं बी कागदाच्या पुडीत बांधून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं. काढलं, पेरलं. तरीही काही नाही. अण्णा त्या दिवशी आमच्या गॅलरीत बसले होते. चेहरा नेहमीचाच, पण चहा निवला तरी कप हातातच होता. सासूबाई समोर लसूण सोलत होत्या. त्या मंगळवेढ्याच्या. तिकडची काळी रानं, रब्बीची ज्वारी, आणि बोलण्यातही जरा तसाच चिकटपणा.

"काय झालं मास्तर?"

"मास्तर नव्हे अक्का, परिचर. बी उगवलं नाही. तीन महिने थंडीत ठेवलं होतं."

"भिजवलं हुतं का आदी?"

"नाही. कोरडंच."

सासूबाईंनी लसूण खाली ठेवला. "आवो, कोरड्या दाण्याला थंडी कळती व्हय? कोरडी मटकी वरीसभर ठिवा फ्रिजात, तिला काय म्हाईत कुटं ठिवलंय? दाण्यानं पाणी पिल्याबिगर त्येला जीव न्हाय, आन जीव न्हाय तर थंडी कुनाला वाजणार?"

अण्णा उठले. कप खाली ठेवला. वही काढली, लिहिलं, आणि तडक घरी गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "राग आला वाटतं मास्तरला." राग नव्हता आला. चौतीस वर्षांत कॉलेजात जे कुणी नीट सांगितलं नव्हतं, ते लसूण सोलता सोलता मिळालं होतं.

पुढे त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि ते मी जन्मात विसरणार नाही. बी उतारावर पडतं ते पावसाळा सरताना. जमीन ओली असते, ऊनही बरं असतं. तेव्हाच उगवलं तर पंधरा दिवसांत बर्फ पडून मरून जाईल. म्हणून बियाण्याच्या आत एक कुलूप असतं. बी पाणी पिऊन फुगतं, मग ओल्याने गारठत पडून राहतं. आठ आठवडे, दहा, बारा. तेवढी थंडी अंगावर घेतल्याशिवाय कुलूप निघत नाही. कोरडं बी नुसतं झोपतं, ओलं बी झोपेतसुद्धा थंडीचे दिवस मोजतं. मोजणी पुरी झाली आणि ऊब लागली, की त्याला कळतं, हिवाळा सरला, आता बाहेर पडायला हरकत नाही.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी बी लई शाणं हाय. आमचा धाकटा तसा न्हाय."

दुसऱ्या वर्षी अण्णांनी नदीची वाळू आणली, ओली केली, त्यात बी मिसळलं, डबा फ्रिजमध्ये ठेवला. बारा आठवड्यांनी ती वाळू कुंडीत पसरली, आणि आठ दिवसांत हिरवेगार कोंब वर आले. सोसायटीत ही बातमी वणव्यासारखी पसरली. सेक्रेटरींनी पेढे वाटले. माणसं गच्चीवर रांगेने जाऊन हिमालय बघून यायला लागली. एकाने तर चप्पल काढून नमस्कार केला. अण्णा खुर्चीवर बसून होते. कुणी अभिनंदन केलं की मान हलवायचे. तीन दिवसांनी, सगळी गर्दी ओसरल्यावर, मी हळूच विचारलं, "अण्णा, खूश दिसत नाही तुम्ही."

"गाजरगवत आहे," ते म्हणाले.

"मग तीन दिवस सांगितलं का नाही?"

"पेढे आधीच वाटले होते."

वाळूतून गाजरगवताचं बी आलं होतं. त्यांचं स्वतःचं बी कुजलं होतं. आणि त्याच महिन्यात गौरीचा फोन आला. मी तिथेच होते. पलीकडून ती बराच वेळ बोलत होती, मग थांबली. अण्णांनी वही ओढली. मग म्हणाले, "बरं. नोंद केली." आणि फोन ठेवला. तो उतार गेला होता. गौरीच्याच रस्त्याखाली. ज्या रस्त्याचं काम ती तीन वर्षं करत होती, तो अखेर तिथून वळवावा लागला आणि सगळा उतार कापला गेला. आता तिथून बी येणं बंद.

"सगळं संपलं मग?" मी विचारलं.

अण्णा आत गेले आणि एक छोटी बाटली घेऊन आले. प्रयोगशाळेतली माणसं कधीही सगळा नमुना वापरत नाहीत, थोडा मागे ठेवतातच. बाटलीत एकतीस दाणे होते. चिठ्ठी होती: "शेवटचे." एवढ्या वर्षांत त्यांच्या चिठ्ठीवर मी हळवा शब्द पाहिला नव्हता.

तिसऱ्या वर्षी त्यांनी वाळूला फाटा दिला. एक जुनं मऊ धोतर उकळून घेतलं, त्याचा तुकडा पिळून ओलसर ठेवला, त्यात ते एकतीस दाणे पसरले, पुरचुंडी बांधली, आणि स्टीलच्या डब्यात घालून गणपती गेल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवली. दिवस पहिला. दर दिवशी वहीत थंडीचा आकडा. आणि दसरा झाल्यावर त्यांचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिकने गॅस गेला म्हणून सांगितलं, सुटा भाग पुण्याहून यायला पंधरा दिवस लागतील म्हणाला. पाच मिनिटांत आमची बेल वाजली. अण्णा दारात उभे. दोन्ही हातांत डबा, जसा काही त्यात रांगणारं मूल आहे.

"वैनी, हिवाळा ठेवायला जागा आहे का?"

मी कोथिंबीर उजवीकडे सरकवली.

त्यांचा फ्रिज दुरुस्त झाला, पण डबा हलवायला ते तयार नव्हते. आता तिथेच राहू दे, म्हणाले, पुन्हा प्रवास नको. त्यानंतरचे दिवस आमच्या घरात कडक शिस्तीचे होते. रोज संध्याकाळी सात वाजता अण्णा थर्मामीटर घेऊन "हिवाळा बघायला" यायचे. फ्रिज दिवसातून चार वेळांच्या वर उघडायचा नाही असा नियम झाला. माझ्या नवऱ्याने एकदा पाणी घ्यायला दार उघडून विचार करत उभं राहायचा गुन्हा केला. अण्णा म्हणाले, "साहेब, हिमालयात दार उघडून कुणी विचार करत नाही." तेव्हापासून आमचे हे माठातलं पाणी प्यायला लागले. दिवाळीत करंज्यांचं सारण, श्रीखंड, सगळं एकाच फेरीत काढायचं. डब्यावर चिठ्ठी होती: "हिवाळा. उघडू नये." पाहुणे चिठ्ठी वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

सासूबाई या काळात नव्हत्या. दसऱ्याच्या आधीच त्या मंगळवेढ्याला धाकट्या दिरांकडे गेल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

दिवस एकोणऐंशी. अण्णांच्या पुतण्याचा साखरपुडा निघाला दुधनीला. त्यांना जाणं भाग होतं. जाताना त्यांनी मला दारात उभं करून सूचना दिल्या. पाच दिवस. डबा उघडायचा नाही. हलवायचा नाही. चौऱ्याऐंशीव्या दिवशी सकाळी दहा वाजता ते येतील, स्वतः उघडतील. "वैनी, आता सगळं तुमच्यावर." मी हो म्हणाले, आणि त्याच दिवशी दुपारच्या एसटीने सासूबाई मंगळवेढ्याहून परत आल्या.

मी नियम पाळला. डबा उघडला नाही, हलवला नाही, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा जागच्या जागी होता. चौऱ्याऐंशीव्या दिवशी, सोमवारी, सकाळी दहाला अण्णा आले. इस्त्रीचा शर्ट. हातात चिमटा, ताटली, थर्मामीटर. मी डबा काढून ओट्यावर ठेवला. अण्णांनी वहीत वेळ लिहिली. मग झाकण उघडलं.

आत सोललेला लसूण होता.

अण्णांनी चिमट्याने एक पाकळी उचलून पाहिली. मग म्हणाले, "वैनी, हे आपलं बी नव्हे."

मी सासूबाईंना हाक मारली. त्या माळ ओढत बाहेर आल्या. सोमवारचा उपास होता त्यांचा.

"आई, या डब्यात फडकं होतं. ओलं. पुरचुंडी."

"मेथी व्हय? ती म्या काढली की."

"काढली म्हणजे?"

"आगं, फ्रिजात कुटं मोड येत असतेत? माज्या गुडघ्यासाठी तू मेथी भिजवलीस, लई बरं वाटलं मला, खरं सांगते. पर येवडी शिकलीली सून, आन मोड आणायला दाणे गारठ्यात ठिवती. म्या कुणाला बोलले न्हाय. गुमान काढली आन उबंत ठिवली."

"अहो, पण वर चिठ्ठी होती!"

"कसली चिठ्ठी? काय नव्हतं."

इथे आमच्या ह्यांनी आतल्या खोलीतून तोंड उघडलं. "हिवाळा, उघडू नये, ती का? ती दह्याच्या पातेल्याला चिकटलीय. मी चार दिवस दही खाल्लं नाही."

अण्णांचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण त्यांनी लसणाचं तापमान घेतलं आणि वहीत लिहिलं. एकतीस दाणे. शेवटचे.

"अक्का," ते म्हणाले, "खाल्ले का?"

"उद्या खाणार हुते. आज सोमवार, म्हणून ऱ्हायले."

सासूबाई गेल्या आणि गॅसच्या मागच्या कोपऱ्यातून पितळी डबा घेऊन आल्या. त्याला त्यांची जुनी शाल गुंडाळलेली. शाल सोडली, झाकण काढलं, पुरचुंडी ओट्यावर ठेवली. "रोज कोमट पाण्याचा हात लावलाय," त्या म्हणाल्या. आता त्यांचाही आवाज जरा खाली आला होता. अण्णांनी गाठ सोडली. फडकं उलगडलं. गुंडीचा दोरा ओढून भिंग बाहेर काढलं आणि वाकले.

दाण्यांतून पांढरे कोंब आले होते. केसाएवढे, टोकाला वळलेले. अण्णांनी चिमट्याने एकेक दाणा मोजला. दोनदा मोजला.

"नऊ," ते म्हणाले.

"नऊच?" सासूबाई म्हणाल्या. "मग भाजीला कुटलं पुरतंय."

अण्णा सरळ झाले. "अक्का, बाहेर काढून किती दिवस झाले?"

"आज चार."

"म्हणजे ऐंशीव्या दिवशी." त्यांनी वही उघडली. "मी चौऱ्याऐंशी धरले होते. बियाण्यानं ऐंशी धरले. फ्रिजमध्ये हिवाळा असतो, पण तो आपणहून संपत नाही. कुणीतरी संपवावा लागतो."

"माजी काय चूक झाली का मास्तर?"

मी वाट पाहत होते. मास्तर नव्हे, परिचर. पण दुरुस्ती आली नाही. अण्णा वहीत लिहीत राहिले. ती वही मी नंतर पाहिली. नोंद अशी आहे: "दिवस ऐंशी. वसंत ऋतू आला. आणणारे: शेजारच्या आजी."

त्या नवांपैकी चार रोपं कुंडीत तगली. आता प्रश्न उन्हाचा. अण्णांनी मोठे माठ आणून त्यांत ओली वाळू भरली आणि रोपांच्या कुंड्या त्या माठांच्या पोटात बसवल्या. वर सावलीला चादर ताणली. सोलापुरी चादर कुणाला गारवा मिळावा म्हणून वापरली गेली, ती बहुधा पहिल्यांदाच. दुपारी चादरीवर पाणी शिंपडायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं होतं. मेथीची भरपाई, म्हणायच्या. गुडघे धरून रोज गच्चीवर चढायच्या. जानेवारीत दोन रोपं गेली, फेब्रुवारीत एक. शेवटच्या रोपाला महाशिवरात्रीच्या सुमाराला एक कळी आली. हिरवी, घट्ट मिटलेली. अण्णा दिवसभर गच्चीवर स्टुलावर बसायला लागले. जेवणाची ताटली सासूबाई वर न्यायच्या.

गौरी येणार होती. नेहमीची गाडी, नेहमीची वेळ, सकाळची. ती स्टेशनवर उतरली आणि समोर अण्णा नव्हते.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बायपास झालेला एकटा बाप, फोन उचलत नाही. तिने रिक्षा केली. आमच्या मजल्यावर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचं दार सताड उघडं, घरात कुणी नाही. तिने आमची बेल दाबली आणि मी दार उघडायच्या आतच ओरडली, "काकू, अप्पा कुठंयत?"

"गच्चीवर," मी म्हणाले. माझ्या आवाजाने तिला काय वाटलं कोण जाणे, ती बॅग पाठीवर घेऊनच धावली. मी तिच्या मागे. माझ्या मागे सासूबाई, एकेक पायरीला महादेवाचं नाव घेत.

गच्चीचं दार उघडं होतं. अण्णा आमच्याकडे पाठ करून चादरीखाली उकिडवे बसले होते. भिंग खिशातच होतं. समोर माठ, माठात कुंडी, आणि कुंडीत, जेमतेम करंगळीच्या नखाएवढं, एक फूल उघडलं होतं. निळं होतं. फोनमध्ये येत नाही असं गौरी जे म्हणायची ना, ते निळं.

तिघी दारातच थांबलो. गौरी धापा टाकत होती. अण्णा वाकले, अगदी जवळ गेले, आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"बंद्या, यव्वा?"

गौरीच्या पाठीवरची बॅग धाडकन खाली पडली.

"अप्पा, मी हिकडं आहे की!"